गुन्हा होऊन गेल्यावर

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. काळ्या रानातनं चालून आलं की चपलेला माती चिकटते ना, तसे ते चिकटून पार घरापर्यंत येतात. चप्पल झटकली तरी थोडी माती राहतेच!

काम सांगायला सोपं आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ज्यांच्यावर गुन्हा झाला, त्यांच्या घरी जायचं आणि विचारायचं, "पुढं काय झालं?" गुन्ह्याबद्दल सगळेच विचारतात. आम्ही गुन्ह्यानंतरचं विचारतो. तपास कुठवर आला ते पोलिसांनी कळवलं का? कोर्टाची तारीख कुणी सांगितली का? आरोपी जामिनावर सुटला, हे तुम्हाला कसं कळलं?

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकच मिळतं. "दारासमोरून गेला, तवा कळलं!"

मग त्यावर अहवाल लिहायचा आणि तो घेऊन भांडत फिरायचं, की बाबांनो, आरोपीला हक्क आहेत तसे ह्यांनाही आहेत.

आम्ही चौघं. एक मी. दुसरी सुनंदा, कंधारची, मुलाखती घेण्यात पटाईत. तिच्यासमोर दगडसुद्धा बोलेल. तिसरे आमचे वकील बिरादार, मूळचे उदगीरचे. घरचं कापडाचं दुकान भावाला देऊन लातुरात वकिली धरली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय कोर्टाची पायरी चढत नाहीत. आणि चौथे उस्मानभाई, आमच्या जीपचे ड्रायव्हर. ते मुलाखतीच्या वेळी बाहेर थांबतात आणि परत निघताना फक्त एवढंच विचारतात, "रोये क्या?" हो म्हटलं की गाडी हळू चालवतात.

अहवालात जे बसत नाही, ते आम्ही ह्या जीपमध्ये बोलतो. त्यातलंच थोडं.

* * *

हदगावला बाजाराच्या रस्त्यावर चंद्रकलामावशींचं घर आहे. बाजारातून येताना मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं होतं. तार मानेत रुतली होती. जखम भरली, वळ राहिला.

मुलाखत चालली होती आणि बाहेरून गाड्या जात होत्या. बाजाराचा रस्ता तो! मोटरसायकलचा आवाज आला की मावशींचा हात गळ्यावर जायचा. आवाज गेला की खाली यायचा. परत आवाज, परत हात. बोलणं मात्र अखंड चालू.

शेवटी सुनंदानं विचारलं, "मावशी, तुम्ही सारखा गळ्याला हात का लावता?"

"कुठं लावते?" मावशी म्हणाल्या.

हात गळ्यावरच होता!

आम्ही परत निघालो. वारंगा फाट्याच्या अलीकडं एका मोटरसायकलनं आम्हाला जोरात ओव्हरटेक केलं. मी गळ्याला हात लावला. बघते तर सुनंदाचाही हात गळ्यावर. बिरादारसाहेब पुढं बसले होते, त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर. आम्ही तिघंही हसलो.

मग उस्मानभाईंकडं पाहिलं. त्यांच्या गळ्यात कधीच काही नसतं. एक हात स्टेअरिंगवर होता. दुसरा गळ्यावर. ते हसत नव्हते.

* * *

लातूर जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं. नाव नको. तिथल्या मालखान्यात, म्हणजे जप्त केलेला माल ठेवायच्या खोलीत, रोज दुपारी जेवणं झाली की गजर वाजायचा.

त्याचं असं झालं होतं. जवळच्याच गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींच्या घरी चोरी झाली. चोरांनी कपाटातलं होतं नव्हतं ते एका पिशवीत लोटलं, त्यात टेबलावरचं गजराचं घड्याळही गेलं. चोर सापडले, पिशवी सापडली, पंचनामा झाला, घड्याळ कापडात गुंडाळून लाखेचं सील ठोकून मालखान्यात पडलं. खटला सुरू व्हायची वाट बघत.

"पहिल्यांदा वाजलं ना ताई, तवा आख्खं ठाणं बाहेर पळालं!" तिथले हवालदार सांगत होते. "बॉम्ब वाटला आम्हाला!"

"मग बंद का नाही केलं?"

"सील हाय ना! सील फोडायला कोर्टाचा हुकूम लागतो. आता गजर बंद करा म्हणून कोर्टात कोण जाईल?"

आम्हाला हे कळलं ते गुरुजींमुळं. गुरुजी रोज दुपारी त्या ठाण्यात यायचे. बाकावर बसायचे. आत गजर वाजला की खिशातून बीपीची गोळी काढायचे, ठाण्याच्या माठातलं पाणी घ्यायचे, गोळी गिळायचे आणि उठून घरी जायचे. पोलिसांशी एक शब्द नाही.

तो गजर त्यांच्या बायकोनं लावलेला होता. गुरुजी गोळी विसरतात म्हणून. चोरीचा तिनं धसका घेतला. दार वाजलं तरी दचकायची, अन्न कमी झालं आणि त्यातच गेली. घरात गोळीची आठवण करून देणारं कुणी उरलं नाही. जे होतं ते मालखान्यात!

बिरादारसाहेब हे ऐकून हलले. त्यांनी अर्ज केला, खेटे घातले, घड्याळाचा ताबा गुरुजींना द्यावा असा हुकूम मिळवला. आम्ही सगळे ठाण्यात गेलो. हवालदारांनी पंचांसमोर सील फोडलं, कापड सोडलं, घड्याळ बाहेर काढलं. खात्री करावी म्हणून मागचं झाकण उघडलं.

आत सेल नव्हता.

स्प्रिंगला गंज चढला होता. तिथं बऱ्याच दिवसांत सेल बसलाच नसावा, हे कुणालाही दिसलं असतं. हवालदार ठाण्याच्या साहेबांकडं वळले. "सर, हे पंचनाम्यात घेऊ का?"

"नको," साहेब म्हणाले.

गुरुजींनी घड्याळ पंच्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून नेलं. आम्हाला वाटलं, एक काम तरी मार्गी लागलं.

दोनचार दिवसांनी हवालदारांचा मला फोन. "ताई, ते घड्याळ गुरुजींनी नेलं ना? त्यांच्या घरीच हाय ना?"

"हो. मी कालच बघून आले. का?"

"काय न्हाई. सहज इचारलं."

फोन दुपारी आला होता. जेवणं झाल्यावर.

* * *

हा बिरादारसाहेबांचा. त्यांनी सांगितलेला जसाच्या तसा.

लातुरात एका विधवा बाईच्या घरात भर दिवसा एक माणूस शिरला, तिच्या डोक्यात काहीतरी घालून दागिने घेऊन गेला. पोलिसांनी एकाला पकडलं. मग ओळख परेड ठेवली. म्हणजे संशयित माणसाला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साध्या माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि बाईनं ओळखायचं. ही साधी माणसं बाहेरून आणतात. त्यात एक होता माणिक टेलर. पोलिसांनी विनंती केली, हा बिचारा शिवणाचं काम टाकून आला.

बाई रांगेसमोरून गेली आणि माणिक टेलरसमोर थांबली. "हाच!"

रांग बदलून पुन्हा उभी केली. बाई पुन्हा त्याच्याचसमोर. तिसऱ्यांदा तर तिनं त्याच्या शर्टाची बाहीच धरली!

माणिक घाबरून पांढरा पडला. पण त्याचं नशीब, त्या दिवशी तो साल्याच्या लग्नाला हैदराबादला होता. फोटो होते, व्हिडिओ होता, वरातीत नाचलेला होता. पोलिसांनी त्याला सोडून दिलं. बाईची ओळख चुकली, एवढं लिहून विषय संपला.

पुढं काही महिन्यांनी माणिक बिरादारसाहेबांच्या ऑफिसात आला. मग म्हणाला, "साहेब, मी त्या घरात कधीच गेलो न्हाई. आईशप्पथ न्हाई गेलो. पण त्या बाईनं बाही धरल्यापासून मला ते घर आठवाया लागलंय."

"म्हणजे?"

"आत गेलं की डाव्या हाताला एक पाळणा टांगलेला हाय. जुना, लाकडी. लेकरू न्हाई त्यात. कांदे ठेवलेत."

साहेबांनी त्याला पाणी दिलं, समजूत काढली, मनाचे खेळ असतात म्हणाले आणि रवाना केलं. संध्याकाळी गमतीनं सुनंदाला फोन केला, कारण त्या बाईची मुलाखत तिनं घेतली होती.

सुनंदा म्हणाली, "साहेब, मी त्या पाळण्याखालीच बसले होते. कांद्याची टरफलं सारखी अंगावर पडत होती."

बिरादारसाहेब हा किस्सा संपवताना नेहमी एकच वाक्य म्हणतात. "मी त्याला सांगितलं, हे कुणापाशी बोलू नकोस. ते वकील म्हणून सांगितलं. माणूस म्हणून काय सांगायला पाहिजे होतं, ते मला अजून सुचलं न्हाई."

* * *

पोलिसांचं ट्रेनिंग घेणं हा आमच्या कामातला त्यातल्या त्यात गमतीचा भाग. लातूरला असंच एक होतं. फिर्याद द्यायला आलेल्या माणसाशी कसं बोलावं, हा विषय. नुसतं भाषण दिलं की सगळे पेंगतात, म्हणून मी रोल प्ले ठेवते. एकानं पोलीस व्हायचं, एकानं फिर्यादी.

फिर्यादी व्हायला कुणी तयार होईना. शेवटी मागच्या रांगेतून केंद्रे हवालदारांना सगळ्यांनी ढकललं. जाडजूड माणूस, पांढऱ्या मिशा, रिटायरमेंटला आलेले. मी त्यांना प्रसंग सांगितला, तुमचा मोबाईल बसमध्ये चोरीला गेलाय. समोर एक तरुण फौजदार खुर्चीवर बसला. त्याला मी सांगून ठेवलं होतं की मुद्दाम उर्मट वाग.

"काय हो?" फौजदार खेकसला. "मोबाईल सांभाळता येत नाही का?" हॉलमध्ये हशा.

"मोबाईल न्हाई साहेब," केंद्रे म्हणाले. "बहीण."

अजून मोठा हशा! मलाही वाटलं, वा, गडी रंगात आला.

"आमच्या गावच्या जत्रेतून एका बाईनं उचलून नेली. हिरव्या लुगड्याची बाई होती. मी बघितलं. मी लहान होतो, पण मी बघितलं. बापाला सांगितलं. बापानं मला ठाण्यात नेलं. तिथले जमादार म्हणाले, पोरगं काहीबाही बोलून राहिलंय, येईल परत, जावा घरी. लिहून घेतलं न्हाई."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. "केंद्रेमामा, एक नंबर अॅक्टिंग!"

केंद्र्यांनी वळून पाहिलं नाही. ते खुर्ची ओढून फौजदारासमोर बसले. "ते जमादार आता न्हाईत. बापबी न्हाई. पण ठाणं हाय ना? मग आता घ्या की लिहून."

मला खरं तर थांबवायला पाहिजे होतं. पण काय म्हणून थांबवणार? फौजदार तरुण होता, पण शहाणा होता. तो सावरून बसला, समोरचा कोरा कागद ओढला, पेन उघडला.

"नाव?"

"रुक्मिण."

"वय?"

केंद्रे हवालदार बोलता बोलता थांबले. त्यांनी फौजदाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. खरोखर विचारत होते ते.

"तवाचं सांगू, का आत्ताचं?"

* * *

देगलूरला शोभाताई म्हणून आहेत. नवऱ्याचं आडत दुकान, धान्याचा व्यापार. नवरा दुकानात, लेकरं शाळेत, आणि दुपारी घरात चौघं शिरले. शिरल्या शिरल्या त्यांच्याच पलंगावरची चादर त्यांच्या डोक्यावर टाकली आणि त्यांना कोपऱ्यात बसवलं. त्यामुळं त्यांना एकाचाही चेहरा दिसला नाही. ऐकला तो एकच आवाज. बाकीचे बोललेच नाहीत.

"लई गोड आवाज होता हो ताई," शोभाताई सांगायच्या. "राग न्हाई, दम देणं न्हाई. आपलं माणूस बोलल्यासारखं. 'काय काय हाय ते काढा अम्मा,' एवढंच म्हणायचा. पुन्हा पुन्हा. 'काय काय हाय ते काढा अम्मा.'"

तेलंगणाची हद्द तिथून हाकेवर. अम्मा म्हणणारे रोज शेकड्यानं येतात जातात. पोलिसांनी हात टेकले. आवाजाचं चित्र थोडंच काढता येतं?

काही महिने गेले. शोभाताई जरा सावरल्या, पुन्हा एकट्या घरात राहू लागल्या. आणि एका सकाळी गल्लीतून भंगार घेणारा गाडा आला. हल्ली हे लोक ओरडत नाहीत, गाड्यावर स्पीकर असतो, त्यात रेकॉर्ड केलेलं वाजतं. "भंगार, रद्दी, लोखंड, जुना फ्रिज, जुना कूलर..."

आणि मग, "काय काय हाय ते काढा अम्मा!"

शोभाताई भाजी निवडत होत्या. त्यांच्या नवऱ्यानं आम्हाला नंतर सांगितलं, की ती उठली, पलंगावरची चादर ओढली, स्वतःच डोक्यावर घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

बिरादारसाहेबांनी ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी गाडेवाला आणला. म्हातारा, खोकणारा माणूस. त्याचा आवाज म्हणजे फुटकं मडकं. त्यानं स्पीकर काढून टेबलावर ठेवला. "साहेब, हा माझा आवाज न्हाई. बाजारात मेमरी कार्ड भरून मिळतं. आम्ही समदे तेच वाजवतो. उदगीरला, मुखेडला, पार बिदरपर्यंत हाच आवाज हाय."

"पण मूळ कुणाचा?"

"काय ठावं! मी हा धंदा धरला तवापासून हाच हाय."

कार्ड विकणाऱ्याला विचारलं, त्यानं दुसऱ्याकडून कॉपी मारलेलं. त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून मिळालेलं. पुढं पत्ता लागला नाही. त्या माणसाला पकडायचं कुठं? तो रोज सगळ्यांच्या गल्लीतून जातो, सगळे त्याला ओळखतात, आणि तो कुठंच नाही! शोभाताई मात्र रोज सकाळी खिडक्या लावतात. आम्ही गल्लीत तो स्पीकर बंद ठेवायला लावला. पण शेजारच्या गल्लीतला ऐकू येतोच.

एकदा आम्ही नांदेडच्या ऑफिसात बसून ह्याच प्रकरणाचं लिहीत होतो. सुनंदा वाचून दाखवत होती, मी टाईप करत होते. खालून रस्त्यावरून गाडा आला. भंगार, रद्दी, लोखंड. आम्ही दोघी थांबलो. आता ते वाक्य येणार, हे माहीतच होतं.

"काय काय हाय ते काढा अम्मा!"

सुनंदा एकदम उठली, खिडकीत गेली आणि खाली ओरडली, "आमच्याकडं काही न्हाई!"

खाली स्पीकर गप्प झाला. मी पण खिडकीत गेले. गाडा रस्त्यावर उभा होता. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

* * *

शेवटचा माधवकाकांचा. हा आम्ही जीपमध्येसुद्धा बोलत नाही.

माधवकाका हदगाव तालुक्यातले. त्यांचा मुलगा गजानन आणि गावातलाच बालाजी, दोघं लहानपणापासूनचे मित्र. बालाजी काकांच्या घरी जेवायचा, काकूंना आई म्हणायचा. एक दिवस दोघं एका गाडीवर नांदेडला निघाले. नांदेडला एकटा बालाजी पोचला. गजानन रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या रानात सापडला, डोक्यात दगड घातलेला. का, हे पोलिसांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. बालाजीनं तोंडच उघडलं नाही. पोलिसांपुढं नाही, स्वतःच्या वकिलापुढं नाही, आईबापापुढंही नाही.

काही काळानं त्याला जामीन मिळाला. काकांना कसं कळलं? दारासमोरून गेला तेव्हा!

खटला नांदेडच्या कोर्टात. गावातून कोर्टाच्या वेळेला पोचणारी एसटी एकच. त्यामुळं तारखेच्या दिवशी आरोपी आणि मेलेल्याचा बाप, दोघं एकाच बसनं जायचे. एकाच बसनं परत यायचे.

सुनंदा मुलाखतीला गेली तेव्हा तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, आरोपीकडून काही त्रास? धमकी?"

"न्हाई," काका म्हणाले. "जागा धरतो."

"काय धरतो?"

"बसमधी. माझं घर ष्टँडापासून लांब. मी येईस्तोवर गाडी भरती. पहिल्यांदा दोनचार तारखा उभ्यानं गेलो. मग एक दिवस त्यानं बाजूच्या सीटवर रुमाल टाकला. म्हणला, बसा काका."

"आणि तुम्ही बसलात?"

"बसलो."

हे ऐकून बिरादारसाहेब खवळले. साक्षीदारांना भेटायचं नाही, बोलायचं नाही, अशी जामिनाची अटच होती. काका तर पहिले साक्षीदार! साहेब स्वतः गावात गेले, मीही बरोबर होते. ओसरीवर बसून त्यांनी काकांना समजावलं. "काका, तुमचा हक्क आहे हा. एक अर्ज करू, त्याचा जामीन रद्द होईल. तो जेलमध्ये जाईल. मग तो पोलिसांच्या गाडीतून कोर्टात येईल, तुम्हाला त्याचं तोंड बघायला नको."

काका म्हणाले, "मग मला कसं सांगंल तो?"

"काय सांगंल?"

"साहेब, माझं पोरगं शेवटचं जे काय बोललं, ते ऐकलेला ह्या दुनियेत तो एकटाच माणूस हाय. तुम्ही त्याला जेलात नेऊन घातला, तर ते बोलणंबी आत गेलं. मी त्याच्या बाजूला बसतो. इचारत न्हाई. नुसता बसतो. कधी तरी सांगंल."

आत काकू भाकरी थापत होत्या. तो आवाज थांबला होता. आम्ही उठलो. अर्ज केला नाही.

तारखा पडत गेल्या. साक्षी झाल्या. काकांनी कोर्टात साक्ष दिली, बालाजीकडं बोट दाखवून दिली, कचरले नाहीत. आणि परत जाताना त्याच्याच शेजारी बसून गेले. दोघं काही बोलायचे नाहीत, असं कंडक्टरनंही आम्हाला सांगितलं. "दोघं समोर बघत बसत्यात मॅडम. मला त्या सीटकडं तिकीट फाडायला जाऊ वाटत न्हाई."

निकालाच्या दिवशी काकांना एकटं सोडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मी आदल्या दिवशीच हदगावला मुक्कामाला गेले आणि सकाळी काकांबरोबर त्या बसमध्ये चढले. बालाजी खिडकीशी बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होते. बारीक, दाढी वाढलेला, नवा पांढरा शर्ट. त्यानं रुमाल उचलला, काका बसले. मला त्यांच्या मागची सीट मिळाली.

बस भरलेली होती. बाया बोलत होत्या, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी चालली होती. माझ्यासमोर दोन डोकी. एक पागोट्याचं, एक उघडं. बराच रस्ता तसाच गेला.

मग उघडं डोकं पागोट्याकडं झुकलं. बालाजी काकांच्या कानात काहीतरी बोलला. थोडंसंच.

काकांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी विचारलं. तो पुन्हा बोलला, तेवढंच.

काका उठून उभे राहिले. "गाडी थांबवा."

"इथं स्टॉप न्हाई काका," कंडक्टर म्हणाला.

"थांबवा."

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. बाहेर सोयाबीनचं रान, बांधावर एक बाभूळ, रस्त्याकडेला एक हापसा. मी ते रान पूर्वी पाहिलं होतं, पोलिसांबरोबर.

काका उतरले. मागोमाग बालाजी उतरला. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

बालाजी हापशाकडं गेला आणि दांडा हापसू लागला. आधी कोरडा आवाज, मग पाणी आलं. काकांनी दोन्ही हातांची ओंजळ धरली. भरली तशी ती सांभाळत बांधापर्यंत नेली, खाली बसले आणि पाणी मातीवर सोडलं. हळूहळू, कुणाच्या तरी तोंडाला ओंजळ लावावी तसं. परत आले. पुन्हा ओंजळ धरली. बालाजी हापसतच होता. पुन्हा बांधावर. पुन्हा परत.

बसमधलं गाणं कुणीतरी बंद केलं होतं. एवढ्या सगळ्या माणसांत एकानंही, "चला, उशीर होतोय," म्हटलं नाही.

मग दोघं परत आले. काकांचे हात कोपरापर्यंत ओले होते. ते पुसायला बालाजीनं रुमाल पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. दोघं आपापल्या जागी बसले. समोर बघत.

दुपारी निकाल लागला. जन्मठेप. पोलिसांनी बालाजीचा दंड धरला. त्यानं आईबापाकडं पाहिलं नाही, वकिलाकडं पाहिलं नाही. मागच्या बाकावर माधवकाका होते, त्यांना शोधलं. काकांनी हात वर केला. गाडी सुटताना आपण करतो, तसा.

बाहेर व्हरांड्यात बिरादारसाहेब काकांना निकाल समजावत होते. अपील होऊ शकतं, घाबरायचं कारण नाही, वगैरे. काका मान डोलवत होते, पण ऐकत नव्हते. साहेब आत गेले. मी आणि काका दोघंच उरलो. मला राहवलं नाही.

"काका, बसमध्ये काय म्हणाला तो?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लई मायेनं पाहिलं.

"ताई, तुम्ही लई केलं आमच्यासाठी," ते म्हणाले. "पण ते आम्हा तिघांतलं हाय."